पाऊल आणि पादत्राण

सातपुड्याच्या रांगेत अक्कलकुव्याहून धडगावकडे जाणारा रस्ता चढउतारांची वळणे घेत घेत मोलगी ह्या गावी येतो. नंदुरबार जिल्ह्याच्या ह्या भागात भिल्ल व पावरा समाजांची वस्ती असून त्यांचे पाडे डोंगरांच्या सोंडांवर विखुरलेले आहेत. एका पाड्याहून दुसऱ्या पाड्याला जाणे म्हणजे एक टेकडी उतरणे आणि दुसरी चढणे. मोलगीजवळच्या काठी ह्या गावी होळीच्या रात्री कमरेला घुंगरू बांधून नाचणारे तरुण पहाटे होळी पेटेपर्यंत थकत नाहीत. ही पावले पाहिली म्हणजे शहरातील सुखवस्तू माणसाच्या मनात सहजच असे येते की, निसर्गाने ज्यांना इतके बळकट पाय दिले त्यांना जोड्याची गरज ती काय? हा विचार वरकरणी कौतुकाचा दिसतो. परंतु धावण्याच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले असता त्यात कौतुकापेक्षा चूकच अधिक आहे, असे आढळून येते.

आपल्याकडे पादत्राणाला मान कधी मिळालाच नाही. ते दाराबाहेर काढून ठेवायचे, देवळाच्या पायरीखाली सोडायचे, आणि त्याचा उल्लेखही करावयाचा तो एखाद्याला त्याची पायरी दाखविण्यापुरता. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण त्याच वृत्तीची साक्ष होय. ज्या वस्तूकडे समाज तुच्छतेने पाहतो, तिच्याविषयी तो फारसा विचारही करीत नाही. म्हणूनच चांगला जोडा कोणता, हा प्रश्न महाराष्ट्रात पुष्कळ काळ कोणी गंभीरपणे विचारला नाही. तो प्रश्न प्रथम उभा राहिला, तो पुण्याच्या एका मैदानावर.

पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना ह्या संस्थेची स्थापना झाली. सर दोराबजी टाटा हे पुढे तिचे अध्यक्ष झाले. दोराबजींचे काही शिक्षण इंग्लंडात झालेले असल्यामुळे तेथील मैदानी खेळांचा त्यांना जवळून परिचय होता. १९१९ साली जिमखान्याच्या सामन्यांत त्यांनी जे दृश्य पाहिले, त्याची आठवण त्यांनी १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात नमूद केली आहे. शर्यतीत उतरलेले तरुण शेतकरी वर्गातील होते. दिवसभर शेतात राबावे आणि मिळेल ते साधे अन्न खावे, असे त्यांचे जीवन. शास्त्रशुद्ध शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते, धावण्याचे नियमही त्यांना धड ठाऊक नव्हते, आणि पायांत तर काहीच नव्हते. तरीही त्यांनी लांब पल्ल्याची शर्यत ज्या वेळात पुरी केली, तो वेळ युरोपातील धावपटूंच्या तोडीचा होता. ह्या दृश्याने दोराबजी इतके प्रभावित झाले की, मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांच्या साहाय्याने त्यांनी हिंदी खेळाडूंचे एक पथक १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला धाडण्याची व्यवस्था केली.

त्या पथकात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले हे होते. २२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्प येथे मॅरॅथॉनची शर्यत झाली. तिचे अंतर सुमारे पावणेत्रेचाळीस किलोमीटर, म्हणजे आजच्या ठरीव अंतराहूनही थोडे अधिक होते. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन पहिला आला. चौगुले ह्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत ती पुरी करून एकोणिसावा क्रमांक पटकावला. त्यांचे सहकारी सदाशिव दातार ह्यांना मात्र शर्यत पूर्ण करता आली नाही. ज्या देशात धावण्याचे शिक्षण देणारी संस्था नव्हती, त्या देशाच्या एका तरुणाने हे करून दाखवावे, ही अभिमानाचीच गोष्ट होती.

परंतु ह्या अभिमानातूनच पुढे एक सोयीचा समज रुजला. गरिबाचा पाय कणखर असतो, त्याला जोडा लागत नाही. जोडा हे केवळ शहरी नाजूकपणाचे लक्षण होय! दोराबजींनी पाहिलेल्या तरुणांची खरी संपत्ती त्यांचे फुप्फुस, त्यांचे स्नायू व त्यांची चिकाटी ही होती. त्यांचे अनवाणीपण हा त्यांचा गुण नसून त्यांची परिस्थिती होती. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे मोठाच घोटाळा झाला.

ह्या घोटाळ्याला जगाच्या इतिहासातील एका प्रसिद्ध प्रसंगाने आणखी बळ दिले. १९६० साली रोम येथे इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी पायांनी मॅरॅथॉन धावला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत ती जिंकून त्याने जागतिक उच्चांक केला. अनवाणी धावणेच श्रेष्ठ, असा निष्कर्ष पुष्कळांनी त्यावरून काढला. वस्तुस्थिती निराळी होती. बिकिलाला रोममध्ये जे नवे बूट मिळाले ते त्याच्या पायाला नीट बसेनात, आणि अनवाणी धावण्याचा सराव त्याला होताच. तेव्हा चावणाऱ्या जोड्यापेक्षा उघडा पाय बरा, असे त्याने ठरविले. चार वर्षांनी, १९६४ साली, टोकियो येथे तोच बिकिला पायाला नीट बसणारे बूट घालून धावला. काही आठवड्यांपूर्वीच त्याच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया झालेली होती. तरीही २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत शर्यत जिंकून त्याने पुन्हा नवा उच्चांक केला. बूट असणे वा नसणे ह्यापेक्षा बूट पायाला मानवणे हे महत्त्वाचे, हाच ह्या दोन्ही विजयांचा एकत्रित अर्थ होय.

मधल्या काळात जोड्याचीही प्रगती चाललीच होती. चार्ल्स गुडइयर ह्याने रबर टिकाऊ करण्याच्या आपल्या प्रक्रियेचे एकस्व १८४४ साली अमेरिकेत मिळविले, आणि त्यानंतर कॅनव्हासच्या कापडाला रबरी तळवा जोडलेले हलके बूट प्रचारात आले. हिंदुस्थानात बाटा कंपनीचे काम १९३१ साली कलकत्त्याजवळ सुरू झाले. पुढे कवायतीच्या तासाला घालावयाचे पांढरे कॅनव्हासचे बूट आणि ते पांढरे राखण्यासाठी आदल्या रात्री दिलेला खडूचा लेप हे शाळकरी जीवनाचे एक अंगच होऊन बसले. ते बूट स्वस्त व सुटसुटीत असत. परंतु त्यांचा तळवा पातळ असल्याने खडीच्या रस्त्यावर पायाला आधार असा फारसा मिळत नसे. अमेरिकेत बिल बॉवरमन ह्या शिक्षकाने १९७०च्या सुमारास घरातील जाळीदार धिरडी भाजण्याच्या साच्यात रबर ओतून नव्या धर्तीचा तळवा बनविला. पुढे पाच-सहा वर्षांत तळव्यात हवेच्या बारीक पोकळ्या असलेला मऊ, हलका फेस घालण्याची पद्धत आली. आजचा धावण्याचा बूट हा ह्या सर्वांचा वंशज आहे.

बूट मऊ झाला, तसा तो वैद्यही होऊ लागला. तळपायाची कमान उंच की सपाट, पाऊल पडताना आत कलते की बाहेर, हे पाहून त्याप्रमाणे बूट द्यावा, म्हणजे दुखापत टळेल, असे शास्त्र दुकानांतून सांगितले जाऊ लागले. ह्या शास्त्राची कसोटी अमेरिकेच्या लष्कराने लावली. २००९ व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत हजारो नव्या जवानांपैकी काहींना तळपायाच्या आकारानुसार, तर काहींना सरसकट एकाच प्रकारचे बूट देण्यात आले. दोन्ही गटांतील दुखापतींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. तथापि हे शास्त्र सर्वस्वी पोकळ आहे, असेही म्हणता येत नाही. लक्झेंबुर्ग येथे ३७२ धावपटूंवर केलेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्यांचे पाऊल आत कलते अशांना आधार देणाऱ्या बुटाचा उपयोग झाल्याचे दिसून आले.

दुसऱ्या टोकालाही असाच अनुभव आला. २०१० साली हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखविले की, लहानपणापासून अनवाणी धावणारे लोक टाचेऐवजी पावलाच्या पुढच्या भागावर उतरतात, आणि त्यामुळे पायाला बसणारा हादरा कमी होतो. हे निरीक्षण खरे होते. पण त्याचा सोयीस्कर अर्थ लावून पाच बोटांचे पातळ जोडे धडाक्याने विकले गेले. ते विकणाऱ्या व्हायब्रम कंपनीवर आरोग्यविषयक दाव्यांबद्दल खटला झाला. कंपनीने दोष मान्य केला नाही; परंतु २०१४ साली ३७ लाख ५० हजार डॉलरांची तडजोड तिला पत्करावी लागली. जन्मभर जोडा घातलेला पाय चार दिवसांत सातपुड्याचा पाय होत नाही, हे गिऱ्हाइकांना उशिरा उमगले.

मग निवाडा कोणी करावयाचा? ह्याचे उत्तर २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मिळते. त्यात २०६ सैनिकांचा समावेश होता. त्यांपैकी एका गटाला बुटात घालावयाच्या सहा निरनिराळ्या पट्ट्यांपैकी पायाला सर्वांत सुखावह वाटेल ती निवडावयास सांगितले. निरनिराळ्या सैनिकांची निवड निरनिराळी झाली. पण आपल्या पसंतीची पट्टी वापरणाऱ्यांत दुखापती कमी आढळल्या. म्हणजे ‘ज्याचे जळते त्याला कळते’ हा व्यवहाराचा नियम पावलालाही लागू पडतो. पायाला काय सोसते, हे दुकानदारापेक्षा पायालाच अधिक कळते.

तेव्हा धावण्यासाठी जोडा घ्यावयाचा असेल, तर सायंकाळी दुकानात जावे. कारण दिवसभराच्या वावराने पाय किंचित फुगलेला असतो. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठ्या पायाच्या मापाने जोडा घ्यावा, कारण दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात. धावताना जे मोजे वापरावयाचे तेच घालून जावे. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा मोकळी असावी. पुढे बोटे मोकळेपणी हलावीत, पण मागे टाच निसटू नये. चार पावले चालून समाधान मानू नये, थोडे धावून पाहावे. पहिल्या क्षणी चावणारा जोडा पुढे सैल होईल, ह्या आश्वासनावर विसंबू नये. नवा जोडा प्रथम थोड्या अंतरासाठी वापरावा; आणि तळवा झिजून एका बाजूला कलला वा दबून कडक झाला, की वरून तो कितीही चांगला दिसला तरी त्याला निरोप द्यावा. किंमत व छाप ह्यांचा विचार ह्या सर्वांनंतर करावा. पायांत मधुमेहाचा विकार असल्यास अथवा जुने दुखणे असल्यास मात्र वैद्याचा सल्ला अवश्य घ्यावा.

पण निवड करण्याचा हा अधिकार ज्यांच्या वाट्याला येतो ते भाग्यवान. नाशिक जिल्ह्यात हरसूल परिसरातील सावरपाडा ह्या आदिवासी खेड्यात वाढलेली कविता राऊत प्रथम अनवाणीच धावे. पुढे तिला शिक्षक लाभले, पायांत बूट आले. आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत दहा हजार मीटर धावण्यात तिने कांस्यपदक, तर त्याच वर्षी ग्वांगजौ येथील आशियाई स्पर्धांत त्याच अंतराचे रौप्यपदक मिळविले. २०१६ साली ती रिओच्या ऑलिंपिकमध्ये मॅरॅथॉन धावली. सावरपाड्याच्या वाटांनी तिला दम दिला, हे खरे. परंतु त्या वाटा अनवाणी तुडवल्या म्हणूनच ती जिंकली असे म्हणणे, हे उपाशी राहिल्यानेच माणूस बळकट होतो असे म्हणण्यासारखे आहे.

१९१९ साली पुण्याच्या मैदानावर धावलेल्या त्या शेतकरी तरुणांना कोणीही विचारले नव्हते की, बूट हवेत की नकोत. बिकिलाला निवड करता आली, म्हणून त्याचे अनवाणी धावणेही थोर ठरले. मोलगीच्या पाड्यावरील एखादा मुलगा उद्या शर्यतीच्या रेषेवर उभा राहील, तेव्हा त्याच्या उघड्या पावलांचे नुसते कौतुक करून थांबू नये. त्याच्यापुढे चांगले दोन-चार जोडे ठेवावेत, ते घालून त्याला धावू द्यावे, आणि मग त्याने हवे तर अनवाणी धावावे. तो निर्णय त्याच्या गरिबीचा नसावा, त्याच्या पावलाचा असावा.