प्लेको माशांचे सहपालन

लोरिकॅरिइडी कुलातील अनेक चिलखती माशांना मत्स्यपालक ‘प्लेको’ म्हणतात. हे कुल दक्षिण अमेरिकेत आणि लगतच्या पनामा व कोस्टा रीका ह्या देशांत आढळते. अंगावर खवल्यांऐवजी अस्थिपट्टांच्या रांगा आणि डोक्याच्या खालच्या बाजूस चूषकासारखे तोंड ही ह्या माशांची ठळक लक्षणे होत. कार्ल लिनीअस ह्यांनी १७५८ मध्ये सुरिनाममधील अशा एका जातीचे वर्णन केले; मात्र त्यांनी तिला स्टर्जन माशांच्या ॲसिपेन्सर प्रजातीत घातले. कवचयुक्त शरीर व खाली वळलेले तोंड हे दोहोंतील साम्य पाहता ही चूक समजण्यासारखी आहे. १८०३ मध्ये लासेपेद ह्यांनी हायपोस्टोमस ही प्रजाती स्थापिली. प्लेकोस्टोमस ह्या जुन्या नावाचा अर्थ ‘घडीचे तोंड’ असा असून त्याचेच ‘प्लेको’ हे संक्षिप्त रूप व्यापारात रूढ झाले.

घरगुती जलजीवालयात ह्या माशाला स्थान मिळाले ते शोभेपेक्षा सफाईच्या उपयोगामुळे. काचेवरील शैवल तो खरवडून खातो, म्हणून एखादा प्लेको सोडण्याची पद्धत पडली. दुकानात ५–८ सेंमी. लांबीची पिले मिळत. ‘प्लेकोस्टोमस’ म्हणून विकला जाणारा मासा बहुधा हायपोस्टोमस नसून टेरिगोप्लिक्थिस प्रजातीतील असतो. पहिल्याच्या पृष्ठपक्षात सामान्यतः ७, तर दुसऱ्याच्या पृष्ठपक्षात बहुधा १० वा अधिक मृदू अर असतात. हा भेद केवळ शास्त्रीय नाही. टेरिगोप्लिक्थिसच्या जाती ४० सेंमी.हून अधिक वाढतात व दहा वर्षांहूनही अधिक जगतात; त्यामुळे सफाईसाठी आणलेला मासा काही वर्षांतच पेटीतील मुख्य रहिवासी होतो.

धातूच्या चौकटीतील काचपेट्या मागे पडून सिलिकोनने सांधलेल्या मोठ्या पेट्या १९६०नंतर प्रचारात आल्या, तेव्हा असे मासे एकत्र ठेवणे शक्य झाले. पण अडचणीही तेव्हाच उघड झाल्या. लहानपणी शेजारी शेजारी राहणारे मासे मोठे झाल्यावर आसऱ्यासाठी भांडतात. प्लेको दिवसा कपारीत वा लाकडाखाली दडतो आणि तेवढ्या जागेवर हक्क सांगतो. दोन नर, त्यातही एकाच जातीचे, समोरासमोर आले म्हणजे छातीच्या पक्षांचे काटे व गालांवरील शूक ह्यांनी एकमेकांना जखमी करतात. फाटलेले पक्ष भरून येतात. डोळ्याची इजा मात्र अनेकदा कायमची ठरते. म्हणून अनुभवी पालक पाण्याच्या खोलीपेक्षा तळाच्या क्षेत्रफळाला महत्त्व देतात, माशांच्या संख्येपेक्षा अधिक आसरे परस्परांच्या दृष्टीआड मांडतात आणि अन्न रात्री, निरनिराळ्या कोपऱ्यांत टाकतात. मोठ्या प्लेकोंची विष्ठा विपुल असते. टेरिगोप्लिक्थिस जठरातून हवा घेऊन अल्प प्राणवायूच्या पाण्यातही तग धरतो. त्यामुळे तो जिवंत आहे एवढ्यावरून पाणी चांगले आहे असे मानता येत नाही.

१९८०नंतरच्या दशकात ब्राझीलमधील शिंगू, टोकँटिन्स इ. नद्यांतून इतक्या अनोळखी जाती व्यापारात येऊ लागल्या, की शास्त्रीय नावे अपुरी पडली. तेव्हा १९८८ मध्ये डाट्झ ह्या जर्मन मासिकाने त्यांना ‘एल’ हे अक्षर व क्रमांक देण्यास प्रारंभ केला. ह्या तात्पुरत्या व्यवस्थेने छंदाचे स्वरूप बदलले: पूर्वी एक प्लेको पुरेसा होता, आता त्यांचा संग्रह होऊ लागला. आहारातील फरक त्यामुळे ध्यानात आले. पनाक प्रजातीतील मासे लाकूड कुरतडतात. तथापि २००९ मधील संशोधनानुसार त्यांना लाकडाचे पचन फारसे साधत नाही. १९८८ मध्येच वर्णिलेला अकँथिकस ॲडोनिस पिलूपणी काळ्या अंगावरील शुभ्र ठिपक्यांमुळे मोहक दिसतो. पुढे ठिपके जातात आणि सुमारे एक मीटर लांबीचा आक्रमक मासा उरतो. घरगुती पेटीत त्यास जोडीदार देणे धोक्याचे होय.

न मावणारे मासे नदीतळ्यांत सोडून देणे हा ह्या इतिहासातील सर्वांत खेदजनक भाग आहे. फ्लॉरिडात १९५०नंतरच्या दशकापासून, तसेच पुढे मेक्सिको व दक्षिण आणि आग्नेय आशियातील अनेक देशांत प्लेको स्थायिक झाले. नर काठात बिळे खणतात व त्यामुळे काठ ढासळतात. मेक्सिकोतील बाल्सास नदीवरील इन्फिएर्निल्यो जलाशयात, मुळात बाहेरूनच आणलेल्या तिलापियाच्या मासेमारीची त्यांनी मोठी हानी केली. भारतातही केरळ, पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागा आणि महाराष्ट्रात भीमेवरील उजनी जलाशय येथे हे मासे आढळले आहेत. खरखरीत काट्यांमुळे जाळी फाटतात आणि पकडलेल्या माशाला गिऱ्हाईक मिळत नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यात मात्र ‘अकारी’ ह्या नावाने हे मासे आवडीने खाल्ले जातात. सांतारेंच्या परिसरात त्यांच्या सुकवलेल्या मांसाचे ‘पिराकुई’ नावाचे पीठ करतात.