अहमदनगर जिल्ह्याविषयींचे विद्यापीठीय प्रबंध : त्यांचा शोध व नांवनिशी

१

मराठी इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे दप्तरें, बखरी, महजर, शकावल्या, ताम्रपट व शिलालेख हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. विद्यापीठांच्या पदव्यांसाठीं लिहिलेले प्रबंध या मालिकेंत सहसा कोणी धरीत नाहीं. प्रबंध हा दुय्यम ग्रंथ, त्यांत जें असेल तें दुसरीकडून घेतलेलें, अशी समजूत यास कारण आहे. ही समजूत अर्धी खरी आहे. प्रबंधांतील विवेचन दुय्यम असेल. परंतु त्याच्या शेवटीं जोडलेलीं परिशिष्टें पुष्कळदां अव्वल दर्जाचीं असतात. एखाद्या वाड्यांत बसून उतरून घेतलेला महजर, वृद्ध गांवकऱ्याच्या तोंडची हकीगत, विहिरींची व पिकांची मोजदाद, पडक्या बारवेचें मोजमाप, हें सर्व मूळ वस्तु नष्ट झाल्यावर केवळ प्रबंधांतच उरण्याचा संभव असतो. वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील प्रबंध डेक्कन कॉलेजच्या प्रबंधमालेंत १९५३ सालीं छापून निघाला. महजर व निवाडपत्रें यांवर उभारलेला हा ग्रंथ साधनसंग्रह म्हणूनहि अभ्यासकांस उपयोगी पडतो, हें वाचकांस ठाऊकच आहे. परंतु असें छपाईचें भाग्य थोड्याच प्रबंधांस लाभतें. बाकीचे टंकलिखित प्रतींच्या रूपानें विद्यापीठांच्या कपाटांत पडून राहतात, म्हणजे वस्तुतः तीं हस्तलिखितेंच होत.

हे प्रबंध आतां मोठ्या संख्येनें आंतरजालावर येऊं लागले आहेत. अहमदनगर जिल्ह्याविषयींचे प्रबंध तेथें कोठें व कसे शोधावे, शोधांत फसगत कोठें होते, आणि मिळालेल्या प्रबंधाची योग्यता कशी ठरवावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे. जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर असें झालें. तेव्हांपासून हा विचार अधिकच निकडीचा झाला आहे, तो कसा हें पुढें येईल.

२

प्रथम प्रबंध कोठें ठेवले आहेत हें पाहूं. पुणें विद्यापीठ १९४९ सालीं सुरू झालें व हा जिल्हा त्याच्या कक्षेंत आला. त्यापूर्वींचा शोध मुंबई विद्यापीठाकडे करावा लागतो. जुन्या प्रबंधांसाठीं आजहि पहिला आधार छापील सूचींचा आहे. आंतरविद्यापीठ मंडळानें १८५७ ते १९७० पर्यंतच्या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांची विषयवार सूचि प्रसिद्ध केली. पुढील याद्या भारतीय विद्यापीठ संघाच्या 'युनिव्हर्सिटी न्यूज' या पत्रांतून येत गेल्या.

विद्यापीठ अनुदान आयोगानें २००९ सालच्या नियमांनीं प्रबंधाची संगणकीय प्रत देणें आवश्यक केलें. या प्रती गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारांत ठेवल्या जातात. चालू संशोधनाचे आराखडे 'शोधगंगोत्री' येथें मिळतात. नगरकरांनीं एवढ्यावर थांबूं नये. जिल्ह्यांतच राहुरी येथें १९६८ सालीं स्थापन झालेलें महात्मा फुले कृषि विद्यापीठ आहे. त्याचे प्रबंध पाहावयाचे तर कृषि अनुसंधानाच्या 'कृषिकोश' या निराळ्या भांडारांत जावें लागतें. परदेशीय विद्यापीठांचे प्रबंध त्या त्या विद्यापीठाच्या भांडारांत, अथवा पूर्वीं सूक्ष्मपटांचा व्यवहार करणाऱ्या व हल्लीं 'प्रोक्वेस्ट' नांवानें चालणाऱ्या संस्थेच्या सूचींत आढळतात.

३

शोधकाची पहिली फसगत नांवांत होते. अहमदनगर हा शब्द रोमन लिपींत दोन प्रकारें लिहिला जातो. १८८४ सालीं निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या सतराव्या खंडांत, तसेंच १९७६ च्या सुधारलेल्या गॅझेटियरांत, मकारापुढें रोमन वर्णमालेचें पहिलें अक्षर आहे. लोकव्यवहारांत व महाविद्यालयाच्या नांवांत तेथें पांचवें अक्षर रूढ आहे. कंपनी सरकारच्या अमदानींतील कागदांत 'नगर' याच्या जागीं 'नग्गर' असा उच्चार दाखविणारें रूप येतें. देवनागरींत नुसतें 'नगर' लिहिणारेहि पुष्कळ. यंत्रास हीं सर्व निरनिराळीं नांवें वाटतात. एका रूपानें शोध घेऊन जो थांबतो तो बाकीच्या प्रबंधांस मुकतो. आतां 'अहिल्यानगर' हें रूप त्यांत आलें. जुन्या नोंदी जुन्याच नांवानें राहिल्या आहेत. पुढील पिढींतील विद्यार्थी केवळ नव्या नांवानें शोधूं लागला, तर पाऊणशें वर्षांचा अभ्यास त्याच्या दृष्टीस पडणार नाहीं, आणि या जिल्ह्यावर पूर्वीं कोणीं कांहीं लिहिलेंच नाहीं असा त्याचा ग्रह होईल. नामांतराच्या योग्यायोग्यतेचा येथें प्रश्न नाहीं. प्रश्न सूचीचा आहे.

याच्या उलट फसगतहि होते. गुजरातेंतील हिंमतनगरास १९१२ सालापर्यंत अहमदनगर हेंच नांव होतें. तेव्हां त्या प्रांताविषयींच्या जुन्या कागदांतील अहमदनगर आपलें समजूं नये. तालुक्यांचेंहि तसेंच. आपला अकोलें तालुका जुन्या गॅझेटियरांत अकोला या रूपानें येतो व शोध घेतां वऱ्हाडांतील अकोल्याचे प्रबंध पुढें येतात. श्रीरामपूर तालुक्यांतील बेलापूर शोधावें तर नव्या मुंबईचें बेलापूर मिळतें. श्रीगोंदें हें जुन्या कागदांत चांभारगोंदें आहे. संगमनेर तालुक्यांतील जोर्वे येथें १९५०-५१ सालीं झालेल्या उत्खननावरून एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीस त्या गांवाचें नांव पडलें. म्हणून 'जोर्वे' या शब्दानें मिळणाऱ्या कित्येक प्रबंधांचा जोर्वे गांवाशीं कांहींएक संबंध नसतो, ते इनामगांव किंवा अन्य स्थळांविषयींचे असतात.

यासाठीं शोधास बसण्यापूर्वीं जिल्हा, तालुका, गांव, नदी व राजवंश यांच्या नांवांचा, सर्व रूपांसह, एक तक्ता करून घ्यावा. हस्तलिखितांचे पाठभेद नोंदण्याची ज्यांस संवय आहे त्यांस हें काम नवें नाहीं.

४

दुसरी फसगत विद्याशाखांची. इतिहासाचा अभ्यासक इतिहासविभागाची यादी चाळतो व परत फिरतो. परंतु जिल्ह्याचा इतिहास इतिहासविभागांतच लिहिला जातो असें नाहीं. पुष्कर सोहोनी यांनीं निजामशाही वास्तुशिल्पावर २०१० सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठास प्रबंध सादर केला. तो कलेतिहासाच्या शाखेंत असून त्याच्या मथळ्यांत शहराचें नांव नाहीं, निजामशहांचें आहे. बी. एस. बाविस्कर यांनीं कोपरगांवच्या सहकारी साखर कारखान्याचा अभ्यास दिल्ली विद्यापीठाच्या समाजशास्त्र शाखेंत केला व त्यावरील ग्रंथ १९८० सालीं प्रसिद्ध झाला. प्रवरानगरचा कारखाना १९५० सालीं सुरू झाल्यापासून जिल्ह्याची राजकीय घडण कशी बदलत गेली हें ज्यास जाणावयाचें, त्यानें हा अभ्यास टाळून चालणार नाहीं. दिल्लीच्या समाजशास्त्रांत नगरचा इतिहास असेल ही कल्पना मात्र प्रथम सुचत नाहीं.

हीच गोष्ट इतर शाखांची. राळेगणसिद्धी व हिवरेबाजार यांविषयींचें लेखन जलव्यवस्थापन, लोकप्रशासन, कृषिविस्तार व समाजकार्य या शाखांत विखुरलें आहे. दायमाबाद येथील उत्खननें १९५८ पासून १९७९ पर्यंत निरनिराळ्या वेळीं झालीं. त्यांतील अवशेषांविषयीं पुरातत्त्वाबरोबर धातुविद्या व प्राणिशास्त्र यांतहि शोध करावा. नेवाशाचा विचार मराठी वाङ्मयाचा विद्यार्थी ज्ञानेश्वरीच्या निमित्तानें करतो, तर भूशास्त्राचा विद्यार्थी प्रवरेच्या गाळाच्या थरांसाठीं. १८७५ सालच्या सावकारविरोधी दंग्यांची झळ या जिल्ह्यांतील पारनेर, श्रीगोंदें इत्यादि तालुक्यांस लागली होती. तद्विषयक प्रबंध 'दख्खन', 'ग्रामीण कर्ज' किंवा 'सावकारी' या शब्दांखालीं असतात.

येथें एक युक्ति उपयोगी पडते. विषयाच्या नांवानें न शोधतां, त्या विषयावर लिहिणाऱ्यास टाळतां येणार नाहीं अशा ग्रंथाच्या नांवानें शोधावें. धनंजयराव गाडगीळ यांची गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी गोखले अर्थशास्त्र संस्थेनें १९४८ सालीं प्रसिद्ध केली. कालवे, ऊंस किंवा भंडारदऱ्याचें धरण यांवर पुढें लिहिणारा बहुधा तिचा उल्लेख करतोच; तेव्हां तो उल्लेख हाच धागा धरून निरनिराळ्या शाखांतील प्रबंधांपर्यंत पोंचतां येतें. तसेंच मार्गदर्शक अध्यापकाचें नांव घेऊन शोधल्यास एकाच परंपरेंतील चार-सहा प्रबंध हातीं येतात.

५

तिसरी अडचण लिपीची व प्रतीची. मराठींतील प्रबंधांचे मथळे नोंदींत कधीं देवनागरींत, कधीं रोमन अक्षरांत, तर कधीं इंग्रजी भाषांतरानें दिलेले असतात. युनिकोड रूढ होण्यापूर्वींच्या टंकांत जुळविलेला मजकूर डोळ्यांस मराठी दिसला तरी यंत्रास तो निरर्थक अक्षरांचा ढीग वाटतो. केवळ छायाचित्ररूपानें चढविलेल्या पानांत तर यंत्रास शब्द दिसतच नाहींत. म्हणून यंत्रानें 'नाहीं' म्हटलें एवढ्यावरून प्रबंध नाहीं असें अनुमान करूं नये. विद्यापीठ व विभाग यांच्या याद्या ओळीनें वाचाव्या.

सालांविषयींहि सावध राहावें. शोधगंगेच्या नोंदींत प्रबंध पुरा झाल्याचें साल एक आणि भांडारांत चढविल्याचा दिनांक दुसरा असतो. सुहूर व फसली सनांचा घोटाळा करणारा जसा फसतो तसाच हे दोन काळ एक मानणाराहि फसतो.

शोधगंगेंत प्रबंधाचीं प्रकरणें बहुधा निरनिराळ्या फायलींत विभागलेलीं असतात. घाईचा वाचक मधलीं प्रकरणें वाचून निघून जातो. संग्राहकांनीं मात्र पहिल्या व शेवटच्या फायली आधीं उघडाव्या. शेवटीं परिशिष्टें असतात, त्यांचें महत्त्व वर सांगितलेंच. आरंभीं ऋणनिर्देश असतो. कोणत्या घराण्यानें दप्तर दाखविलें, कोणत्या मठानें पोथ्या पाहूं दिल्या, कोणत्या देवस्थानानें वह्या उघडल्या, हें विद्यार्थी तेथें कृतज्ञतेनें लिहून ठेवतो. अमुक सालीं अमुक कागद अमुक घरीं होते याची ती साक्षच होय. ते कागद पुढें विकले गेले, विभागले गेले किंवा वाळवीनें खाल्ले, तरी शोधास प्रारंभ कोठून करावा हें त्या एका पानावरून कळतें.

६

प्रबंध मिळाला म्हणजे तो प्रमाण झाला असें नव्हे. एका प्रबंधांतील चूक दुसऱ्यांत उतरते व चार ठिकाणीं आल्यामुळें ती खरी वाटूं लागते. नगर शहराच्या स्थापनेचें साल कोणी १४९० देतो, कोणी १४९४. पैकीं पहिलें मलिक अहमदाच्या भिंगारनजीकच्या विजयाचें व स्वातंत्र्याचें साल, आणि दुसरें गॅझेटियरांत दिलेलें नगरस्थापनेचें. दोन घटना एक केल्यामुळें हा गोंधळ माजला आहे. प्रबंधानें मूळ साधनाचा पत्ता द्यावा, आणि आपण त्या पत्त्यावर जाऊन साधन स्वतः पाहावें, हाच क्रम योग्य. उल्लेख करतांना भांडारानें दिलेला स्थिर क्रमांक लिहावा.

आंतरजालावरील भांडार अक्षय आहे असेंहि मानूं नये. ब्रिटिश लायब्ररीनें तेथील विद्यापीठांच्या प्रबंधांची मोठी सूचि चालविली होती. २०२३ च्या ऑक्टोबरांत त्या ग्रंथालयावर संगणकीय हल्ला झाला व ती सेवा बंद पडली. दप्तरें अग्नीनें व वाळवीनें जात, हीं अशा रीतीनें जातात. उपयोगी प्रबंधाची प्रत, नियमांत बसेल तेथें, उतरवून घ्यावी व नोंद कागदावर करावी.

७

यावरून करावयाचें काम स्पष्ट होतें. अहमदनगर जिल्ह्याविषयींच्या सर्व शाखांतील प्रबंधांची एक नांवनिशी तयार झाली पाहिजे. चौदा तालुक्यांचे चौदा तक्ते करावे. प्रत्येक नोंदींत कर्त्याचें नांव, मथळा मूळ रूपांत, विद्यापीठ व शाखा, पुरें झाल्याचें साल, प्रत कोठें आहे तें ठिकाण, परिशिष्टांतील मूळ साधनें, आणि ऋणनिर्देशांत आलेलीं दप्तरांचीं घरें, इतके रकाने असावे. स्थळाचें जुनें व नवें नांव दोन्ही शेजारीं लिहावीं, म्हणजे कोणत्याहि नांवानें येणारा वाचक त्याच नोंदीवर पोंचेल. नगर येथील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय १९६० पासून कागदपत्रें सांभाळीत आहे; अशी नांवनिशी तेथें व या मंडळाच्या ग्रंथालयांत अशा दोन्ही ठिकाणीं ठेवतां येईल.

संग्राहकांस एक विनंती आहे. आपलें दप्तर पाहावयास येणाऱ्या विद्यार्थ्याकडून प्रबंधाची एक प्रत अवश्य मागून घ्यावी, आणि आपले कोणते रुमाल त्यानें पाहिले याची टीप रुमालाबरोबर बांधून ठेवावी. कागद पाहिला कोणीं आणि त्याचें केलें काय, हें पुढच्या अभ्यासकास कळलें, तर एकच रान दोनदां तुडविण्याचे श्रम वांचतील व न पाहिलेले रुमाल सोडण्यास त्याचे हात मोकळे राहतील.