तणसातला डबा

दिवाळीत घरोघर डबे भरले जातात. चिवड्याचा, शेवेचा, लाडवांचा. त्यांचे कौतुक करायला माणसे पुष्कळ असतात. मला आज जो डबा आठवतो तो फार साधा. सुट्टी संपली की रोज सकाळी भरावा लागणारा, मुलांच्या दप्तरात जाणारा. दुपारपर्यंत त्यातला भात गरम राहील का, ही चिंता कोणत्या आईने केली नसेल? कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईने डब्याच्या इतिहासात का शिरावे, असे कोणी विचारील. पण बालवाडीत रोज मुलांच्या पोटाकडे पाहणाऱ्या बाईला दुसरा इतिहास सुचावा तरी कुठला?

आमचे मार्कंडा लोकांना ठाऊक आहे ते मार्कंडेश्वराच्या जुन्या देवळांमुळे. वैनगंगा इथे उत्तरेकडे वळते आणि महाशिवरात्रीला तिच्या काठी मोठी जत्रा भरते. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला, तेव्हा मी रांगत होते. पुढे शाळेत नाव घातले त्या वर्षी आईने याच जत्रेतून मला जर्मनचा एक डबा घेऊन दिला.

आमचा मुलूख धानाचा. रोवणी, निंदण, कापणी या दिवसांत बाया उजाडताच बांधीत उतरत. आई त्याआधी चूल पेटवून भात नि घट्ट वरण रांधी. भात ताटात पसरी, त्याची पहिली वाफ जाऊ देई आणि मगच डब्यात भरी. झाकणाखाली वाफ दडली की दुपारी भाताला वास येतो, हे तिला पक्के माहीत होते. मग डब्याला जुन्या लुगड्याचे फडके, आणि तो डबा तणस भरलेल्या पिशवीत. पिशवी हातात घेतली की तणस करकरे. दुपारी झाकण काढावे तो भात कोमट असे. गरम म्हणवत नाही, पण थंडगारही नसे.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आले, की 1867 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात नॉर्वेची एक पेटी मांडली होती. उकळते भांडे त्या ऊबदार पेटीत ठेवले की पुढचा स्वयंपाक जाळाशिवाय आपोआप होई. पुढे युरोपातल्या बायकांनी तेच काम साध्या खोक्यात वाळले गवत भरून साधले. गवताच्या काड्यांत हवा अडकून राहते आणि ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढेच त्यातले शास्त्र. माझ्या आईचे शास्त्रही तेच. तिच्या पिशवीला पदक मात्र कोणी दिले नाही.

शहराने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. 1890 च्या सुमारास मुंबईत महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवण्याचा धंदा सुरू केला. मावळातले गडी घरचे जेवण कचेरीत पोचवू लागले, पुढे शाळांतूनही. पण त्याला पैसा लागे, आणि घरी दहा वाजता चूल पेटवणारे कोणी असावे लागे. ज्या घराला सकाळी सातलाच कडी लागते तिथे कोणता डबेवाला जाणार?

आमच्या वर्गात अशाच घरातली एक मुलगी होती. ती डबा आणी, पण झाकण अर्धेच उघडी आणि भिंतीकडे तोंड करून जेवी. एके दिवशी कोणाचा तरी धक्का लागून तिचा डबा पालथा झाला. त्यातून काहीच सांडले नाही. आम्ही हसलो. मीही हसले. नंतर माझा भात तिला द्यावा असे मनात आले होते, पण एकमेकांच्या डब्यातले खायचे नाही असा मोठ्या माणसांचा दंडक होता. कारण उष्ट्याचे सांगत. खरे कारण उष्ट्याचे नव्हते, हे आठ वर्षांच्या मुलालाही कळते. पुढच्या वर्षी ती शाळेत आली नाही.

मद्रास महापालिकेने 1920 सालीच आपल्या एका शाळेत मुलांना दुपारचे खाणे देण्याचे ठरवले होते. खर्चाची मर्यादा दर मुलामागे दिवसाला एक आणा. 1956 मध्ये कामराजांनी मद्रास राज्यात तीच कल्पना मोठ्या प्रमाणावर उचलली. आमच्याकडे काही यायला 15 ऑगस्ट 1995 उजाडावा लागला, आणि आले तेही कोरडे धान्य. शंभरात ऐंशी दिवस हजेरी असेल तर महिन्याला 3 किलो. माझ्या धाकट्या भावामुळे तो तांदूळ आमच्या घरी येई. हजेरी चुकू नये म्हणून तो ताप अंगावर घेऊन शाळेत गेलेला मला आठवतो. सहा माणसांच्या घरात 3 किलो तांदूळ कितीसा पुरणार! नावाने तो मुलाचा, पण शिजे सर्वांसाठी, आणि तोही रात्री. मुलाची दुपार होती तशीच राहिली.

ती बदलली सर्वोच्च न्यायालयाच्या 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशाने. धान्य नव्हे, शिजवलेले अन्न द्या. निदान 300 उष्मांकांचे, वर्षातून निदान 200 दिवस. त्यानंतर आमच्याही शाळांतून चुली पेटल्या. अन्न पोरांपर्यंत गरम न्यायचे तर ते पोरांपाशीच शिजवावे, ही साधी गोष्ट सरकारला सुचायला इतकी वर्षे लागली. आज पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ मिळतो, सहावी ते आठवीला 150 ग्रॅम. सुरुवातीला काही आयांनी आपल्या पोरांना ताकीद दिली होती, घरचाच डबा खा, त्या ओळीत बसू नको. ती ताकीद पोरांनीच मोडली. खिचडीच्या वासापुढे ताकीद किती दिवस टिकणार? कधी खिचडी पातळ होते, कधी मीठ विसरते, तक्रारी चालूच असतात. पण माझ्या बालवाडीच्या खिडकीतून शेजारची शाळा दिसते. दुपारच्या सुट्टीत घराकडे पळून तिकडेच राहणारी पोरे मी लहानपणी पाहिली आहेत. आता ती ताटल्या विसळून पुन्हा वर्गात शिरतात. 2020 साली करोनाने शाळा बंद झाल्या तेव्हा पुन्हा कोरडा तांदूळ घरी जाऊ लागला, आणि मला भावाची ती पिशवी आठवली.

माझा मुलगा चौथीत आहे. आईपणाची खोड म्हणून मी त्याला अजून डबा देते, वाफ घालवून, फडक्यात गुंडाळून. आठवड्यातून तीनदा तरी तो भरलेलाच परत येतो. मी रागावले तर म्हणतो, "आई, मी ओळीत बसलो होतो." मग तो भात मी संध्याकाळी कोंबड्यांना घालते.