इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल नियंत्रण

मोटारीच्या इंजिनात जाणारी हवा केबलऐवजी विद्युत संकेतांनी कमी-जास्त करण्याची पद्धत. 'ड्राइव्ह-बाय-वायर' या नावानेही ती ओळखली जाते. १९८०च्या दशकाअखेर बीएमडब्ल्यूच्या ७५० या बारा सिलिंडरच्या मोटारीत ती आली. महाराष्ट्रात चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूक मोटारसायकलला २०१७ साली ती मिळाली.

पूर्वी ॲक्सिलरेटर दाबला की केबल ओढली जाई आणि थ्रॉटल बॉडीतली गोल झडप उघडे. आता पेडलला जोडलेले दोन सेन्सर पाय किती दाबला ते ईसीयू या संगणकाला कळवतात. इंजिनाचे फेरे, तापमान, एसीचा भार असे सगळे पाहून ईसीयू झडपेचा कोन ठरवतो आणि छोटी मोटर दंतचक्रांमधून ती फिरवते. चालक फक्त मागणी करतो. पेट्रोल पुरते जळायला त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. हे प्रमाण सांभाळणे, चाक घसरताना ताकद कमी करणे, क्रूझ कंट्रोल, या साऱ्यासाठी झडप ईसीयूच्या हाती असणे सोयीचे ठरते. डिझेल गाडीत मात्र पेडलची मागणी मुख्यतः इंधनाचे प्रमाण ठरवते.

केबल नाही म्हणून अनेकांना भीती वाटते; तिचे उत्तर रचनेतच आहे. पेडलवर दोन सेन्सर, झडपेवरही दोन. त्यांचा मेळ बसला नाही की ईसीयू चेक लाइट लावून ताकद मर्यादित करतो. हाच लिम्प मोड. मोटरचा वीजपुरवठा तुटला तर स्प्रिंग झडपेला किंचित उघडी ठेवते, त्यामुळे इंजिन चालू राहते. २००९-१०मध्ये टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी अमेरिकेत आल्या. 'नासा'च्या अभियंत्यांनी तपास केला. २०११च्या अहवालानुसार झडप मोठी उघडेल असा इलेक्ट्रॉनिक दोष आढळला नाही. पायात अडकणारी मॅट आणि चिकटणारे पेडल ही कारणे पुढे आली होती. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले तर ब्रेकचे ऐकायचे, ही सोय त्यानंतर सर्रास झाली.

लिम्प मोडचे मोल नागभीडसारख्या ठिकाणी नीट कळते. हा भाग वाघांचा वावर असलेल्या ब्रह्मपुरी वनविभागात येतो. रात्री जंगलातल्या रस्त्यावर गाडी ठप्प होण्यापेक्षा ती रांगत का होईना पुढच्या गावापर्यंत जाणे केव्हाही बरे. दुरुस्तीच्या बाबतीत मात्र जुनी केबल गरिबाच्या सोयीची होती: तुटलेली दिसे आणि बदलता येई. आता उंदराने कुरतडलेली वायर किंवा पावसात गंजलेली पिन शोधायला स्कॅनर लावावा लागतो.

झडपेवर कार्बन साचला की इंजिन आयडलवर थरथरते. साफ करताना किल्ली बंद ठेवावी आणि झडप बोटाने जोर लावून ढकलू नये. आतली दंतचक्रे बहुधा प्लास्टिकची असतात. सफाईनंतर बऱ्याच गाड्यांत ईसीयूला झडपेची बंद स्थिती पुन्हा शिकवावी लागते.