न पाहिलेल्या मालाचा लिलाव

लिलाव हा शब्द मराठीनें पोर्तुगीजांकडून घेतला. शब्द परका असला तरी रीत घरचीच होऊन गेली आहे. जप्तीचें सामान असो वा बाजार समितींतील कांद्याचा ढीग असो, बोलीवर किंमत ठरतांना पाहिली नाहीं असा मनुष्य महाराष्ट्रांत विरळाच. मात्र ह्या रीतींत माल डोळ्यांपुढें असे, गिऱ्हाइकें एका जागीं जमत आणि पुकारणाऱ्याचा आवाज सर्वांच्या कानीं पडे. ह्यांपैकीं कांहींहि नसतां लिलाव भरूं शकतो, हें विसाव्या शतकाच्या अखेरीस दिसून आलें.

सप्टेंबर १९९५ मध्यें कॅलिफोर्नियांतील सॅन होझे येथें पिअर ओमिड्यार ह्या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणानें ‘ऑक्शनवेब’ नांवाचा लिलाव इंटरनेटवर मांडला. पॅरिसमध्यें इराणी आईबापांच्या पोटीं जन्मलेला हा तरुण संगणकाचे कार्यक्रम लिहिण्याचा व्यवसाय करी. तेथें विकली गेलेली पहिली वस्तु म्हणजे त्याचाच एक मोडका लेझर पॉइंटर. त्याला १४ डॉलर ८३ सेंट आले. घेणाराची फसगत तर होत नाहीं ना, म्हणून ओमिड्यारनें त्याला लिहून विचारलें. तेव्हां मोडके पॉइंटर जमविण्याचाच आपल्याला छंद आहे, असें उत्तर आलें. पुढें ‘ईबे’ ह्या नांवानें ही संस्था प्रसिद्धीस आल्यावर दुसरीच एक गोड कथा सर्वत्र पसरली. वाग्दत्त वधूला पेझ गोळ्यांच्या डब्या जमवितां याव्यात, एवढ्यासाठीं म्हणे हा उद्योग निघाला! ती कथा प्रसिद्धीसाठीं रचलेली होती, हें २००२ सालीं उघड झालें. खरें पाहतां मोडक्या पॉइंटरची हकीकत अधिक बोधक आहे. दुकानांत ज्याला कवडी मिळाली नसती, त्या वस्तूचा दोष न लपवितांहि तिला गिऱ्हाईक लाभलें. कारण तें गिऱ्हाईक गांवांत शोधावें लागलें नाहीं.

परंतु ज्याचें तोंडहि पाहिलें नाहीं अशा माणसाला पैसे आधीं पाठवावयाचे आणि माल मागाहून यावयाचा, ह्या व्यवहारास तारण कोणतें? फेब्रुवारी १८९६ नव्हे, तर पुरतीं शंभर वर्षें लोटल्यावर, फेब्रुवारी १९९६ मध्यें, ओमिड्यारनें त्यावर जो तोडगा काढला तो पेठेंतील जुन्या पतीचाच होता. व्यवहार पुरा झाला कीं दोघांनीं एकमेकांविषयीं बरावाईट अभिप्राय लिहावा आणि तो सर्वांना वाचतां यावा, एवढाच तो नियम. ह्या पतीचें मोल किती, हें मिशिगन विद्यापीठांतील पॉल रेझनिक आणि त्यांचे सहकारी यांनीं मोजून पाहिलें. जुनीं पोस्टकार्डें विकणाऱ्या एका मुरलेल्या विक्रेत्याचा सारख्याच प्रतीचा माल त्यांनीं कांहीं त्याच्या प्रसिद्ध नांवानें आणि कांहीं अगदीं नव्या, अनोळखी नांवांनीं लिलावांत ठेविला. २००६ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, जुन्या नांवासाठीं घेणारे ८.१ टक्के अधिक द्यावयास तयार होते. माल तोच, मनुष्यहि तोच. फरक केवळ नांवाचा. तथापि ह्या व्यवस्थेंतहि एक खोड निघाली. वाईट लिहिलें तर विक्रेता उलट वाईट लिहील, ह्या भीतीनें गिऱ्हाइकें गप्प बसूं लागलीं. अखेर २००८ सालीं विक्रेत्याचा निंदेचा अधिकार काढून घेण्यांत आला. विक्रेत्यांनीं बरीच ओरड केली, पण निर्णय योग्यच होता.

दुसरा प्रश्न वेळेचा. इंग्लंडांत एके काळीं इंचभर मेणबत्ती पेटवून लिलाव करीत. ज्योत मालवण्यापूर्वीं ज्याची बोली शेवटची, त्याचा माल. आरमार खात्यांतील अधिकारी सॅम्युएल पीप्स यानें सप्टेंबर १६६२ मध्यें जुन्या गलबतांचा असा एक लिलाव पाहिला. त्यांत एकच गृहस्थ नेमक्या क्षणीं बोली करून इतरांवर मात करी. त्याला कारण विचारतां तो म्हणाला, ज्योत विझण्याच्या बेतास आली कीं धूर खालीं उतरतो! ईबेवर मेणबत्तीची जागा घड्याळानें घेतली, तरी तो धूर पाहणारे कांहीं कमी झाले नाहींत. ॲल्विन रॉथ आणि अक्सेल ओकेनफेल्स यांनीं २००२ सालीं दाखवून दिलें कीं, ठराविक क्षणीं बंद होणाऱ्या ईबेवर शेवटच्या मिनिटांत बोली करणारे पुष्कळ. उलट ॲमेझॉनच्या लिलावांत दहा मिनिटें शांततेंत गेल्याखेरीज लिलाव संपत नसे, म्हणून तेथें ते थोडे. तेव्हां आठवडाभर बोली वाढत नाहीं म्हणून विक्रेत्यानें हवालदिल होण्याचें कारण नव्हतें. पण गिऱ्हाइकें झोंपेंत असतां लिलाव संपेल अशी वेळ नेमणें मात्र वेडेपणाचें होतें. आरंभींची किंमत अल्प ठेवावी तर माणसें जमतात, पण एकटाच आला तर माल मातीमोल जातो. म्हणून महाग वस्तूस राखीव किंमत लावण्याची जुनी सोय ह्या नव्या बाजारानेंहि ठेविली.

मुंबईंत २००० सालीं निघालेला ‘बाझी’ हा ह्याच धर्तीचा बाजार ईबेनें २००४ सालीं सुमारें पांच कोटि डॉलरांस घेतला. ऑगस्ट २०१८ मध्यें ईबेचें तें भारतीय दुकान बंद झालें. तोंवर खुद्द अमेरिकेंतहि नव्या कोऱ्या मालाचे गिऱ्हाईक आठवडाभर थांबण्यास कंटाळलें होतें आणि ईबेवरील बहुतेक विक्री ठरीव किंमतीनें होऊं लागली होती. लिलाव उरला तो मुख्यतः जुन्या, वापरलेल्या, एकुलत्या एक वस्तूंपुरता. ज्यांची किंमत विकणाऱ्यालाहि सांगतां येत नाहीं अशा नाण्यांपुरता, तिकिटांपुरता आणि मोडक्या पॉइंटरांपुरता.