दोन हलक्या मोटारी आणि अस्सलपणाचा प्रश्न

जुन्या नाण्यांचा संग्राहक नाणें हातीं येतांच तें तराजूंत टाकतो. वजन भरलें म्हणजे त्याचें समाधान होतें. शर्यतीच्या मोटारींची गोष्ट उलट आहे. तेथें वजन जितकें कमी, तितकें मोल अधिक. इंग्लंडांतील अशा दोन दुर्मिळ मोटारींची आज तुलना करूं.

पहिली अ‍ॅस्टन मार्टिनची ‘डीबी ४ जीटी झागातो’. १९६० च्या लंडन प्रदर्शनांत ती प्रथम लोकांसमोर आली. यंत्र इंग्लंडचें, पण अंगरखा मिलान शहरांतील झागातो कारखान्याचा. उगो झागातो यानें पहिल्या महायुद्धाच्या काळांत विमानांच्या कारखान्यांत काम केलें होतें. वजन वाचविण्याची विद्या त्यानें तेथून आणली. या गाडीचा आकार एर्कोले स्पाडा या तरुणानें रेखिला. १९६१ सालीं गुडवुड येथें स्टर्लिंग मॉस ती घेऊन तिसरा आला. पंचवीस गाड्या करण्याचा बेत होता, झाल्या एकोणीस.

दुसरी जग्वारची हलकी ‘ई-टाइप’. हिला परका शिंपी लागला नाहीं. रूप बव्हंशी नेहमींच्या गाडीचेंच, परंतु १९६३ सालीं पोलादाच्या जागीं अ‍ॅल्युमिनियम घालून कारखान्यानें सुमारें ११४ किलो वजन उतरविलें. अठरा क्रमांक राखून ठेविले. १९६४ पर्यंत गाड्या मात्र बाराच झाल्या.

लिलावांत झागातोचें पारडें जड दिसतें. २०१५ सालीं न्यूयॉर्क येथें तिला सुमारें १ कोटी ४३ लक्ष डॉलर आले. बॉब जेन यानें १९६३ सालीं ऑस्ट्रेलियाचें अजिंक्यपद जिंकलेल्या ई-टाइपला २०१७ सालीं ७३ लक्षांहून थोडे अधिक.

पण दुर्मिळपणावर किती विसंबावें? १९९१ सालीं न वापरलेल्या क्रमांकांवर चार झागातो नव्यानें तयार झाल्या. पुढें आणखी एकोणीस काढण्याचें ठरलें. जग्वारनेंहि २०१४ सालीं राहिलेल्या सहा गाड्या पुऱ्या करण्याचें जाहीर केलें. कारखाना तोच, क्रमांकहि खरे. त्यांना नकली कसें म्हणावें?

याचें उत्तर एका अपघातांत सांपडतें. १९६४ सालीं पॅरिसजवळ मोंतलेरी येथें पीटर लिंडनर हा जर्मन शर्यतपटु आपल्या ई-टाइपसह कोसळून मरण पावला. पुढें गाडीला नवें धड बसविलें, ती धांवूंहि लागली. तरीहि नंतरच्या धन्यानें हजारों तासांचे श्रम खर्चून तें चेपलेलें जुनें धडच सरळ करवून घेतलें. नवा पत्रा निर्दोष होता, परंतु त्या दिवशीं तो तेथें नव्हता.

म्हणून सौंदर्याचा मान मी झागातोला देईन. निवड करण्याची वेळ आली, तर मात्र कौल ई-टाइपला. कारण त्या बारा गाड्या शर्यतीसाठींच जन्मल्या, आणि त्यांच्या अंगावरील पोंचे हेंच त्यांचें दानपत्र आहे.