सर्पगंधेची झोंप

वनौषधि म्हणजे निरुपद्रवी औषधि, असा एक सुखद समज आमच्यांत रूढ आहे. सर्पगंधेचा इतिहास त्यास दुजोरा देत नाहीं.

बिहारांत हिची मुळी ‘पागल की दवा’ म्हणून प्रसिद्ध होती. मुलांस निजविण्यासाठींही ती देत. १९३१ सालीं कविराज गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं, तिच्या चूर्णानें झोंप येते, वेडाचा आवेग ओसरतो व रक्तदाबही उतरतो, असें नमूद केलें. त्याच वर्षीं दिल्लीस सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनीं तिच्यांतील अजमलिन आदि द्रव्यें वेगळीं काढलीं. पण झोंप आणणारें सत्त्व सांपडावयाचें होतें. जगानें लक्ष दिलें तें १९४९ सालीं, मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव इंग्लंडांतील नियतकालिकांत प्रसिद्ध केल्यावर. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांत तें सत्त्व, रेसर्पिन, हातीं आलें. लवकरच अमेरिकेंतील वेड्यांच्या इस्पितळांत त्याचा उपयोग सुरू झाला.

मग त्याची किंमतही दिसूं लागली. सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन इत्यादि द्रव्यें मज्जातंतूंच्या टोकांशीं सूक्ष्म कोठारांत सांठविलेलीं असतात. रेसर्पिन या कोठारांची भरती थांबवितें. बाहेर उरलेलीं द्रव्यें नाश पावतात. मिळणारी शांति ही अशी रित्या कोठाराची शांति होय. कांहीं रुग्ण घोर विषण्ण झाल्याच्या नोंदी होऊं लागल्या, आणि नवीं औषधें येतांच रेसर्पिन मागें पडलें.

मुळीचा गुण परंपरेनें ओळखला. त्या गुणाचें मोल प्रयोगशाळेनें सांगितलें. एकीचें ऐकून दुसरीकडे कान बंद करणें आम्हांस परवडणारें नाहीं.